डाव्या टाचेखालचे थर

धाकटे एका दुपारीत त्र्याहत्तर वर्षांचे झाले. सकाळी उठले तेव्हा एकसष्टचे होते, दाढी केली तेव्हाही एकसष्टचेच होते, आणि जेवून खाली कारखान्यातल्या लांब टेबलाशी येऊन बसले तेव्हा लेकीने मोबाइलच्या पडद्यावर बोट ठेवून सांगितलं, "बाबा, तुमचं वय त्र्याहत्तर आलंय."

"आलंय म्हणजे? कुठून आलंय?"

"रक्तातून."

कारखाना म्हणजे घराचाच खालचा मजला. वर राहायचं, खाली बूट शिवायचे, असं चार पिढ्या चाललं होतं. तिन्ही भिंतींवर फळ्या आणि फळ्यांवर गिऱ्हाइकांची लाकडी पावलं, जोडीजोडीने. त्यांना हे लोक फर्मे म्हणत. फर्म्यावर चामडं ताणायचं, ठोकायचं आणि माणसाच्या मापाचा बूट उतरवायचा. नवा माणूस आत आला की त्याला वाटे, भिंतीआड पुष्कळ मंडळी उभी आहेत आणि त्यांचे नुसते पायच इकडे आले आहेत.

लेक रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. मागच्या महिन्यात तिने घरातल्या सगळ्यांचं रक्त काढून नेलं होतं, कारण या घराण्याचा एक पाय ठरलेला होता. आजोबांचा डावा पाय साठीनंतर गेला, वडिलांचाही डावाच गेला. गेला म्हणजे कापावा लागला. पण घरात 'गेला' असंच म्हणत, जणू पाय रुसून परगावी निघून गेला होता. धाकटे तर शेजाऱ्यांना सांगत की आजोबांच्या पायाने तिकडे दुसरा संसार थाटला आणि दरवर्षी एकच मोजा धाडून खुशाली कळवली. आजोबांबद्दल ते आणखीही पुष्कळ सांगत. आजोबांनी एकदा इतके हलके बूट शिवले की ते घालून सासुरवाडीला निघालेला माणूस सासुरवाडी ओलांडून तीन गावं पुढे गेला आणि शेवटी झाडाला मिठी मारून थांबला. यातलं खरं एवढंच, की आजोबा बूट फार चांगले शिवत आणि त्यांचा पाय गेला.

"नीट सांग," थोरले म्हणाले. ते धाकट्यांचे मोठे भाऊ, अडुसष्ट वर्षांचे. बोलणं मोजकं. हातात रापी, म्हणजे चामडं कापायची रुंद पात्याची सुरी. नवं चामडं आलं की त्यावर पहिली रापी घरातल्या सर्वांत मोठ्याने चालवायची, हा इथला कायदा होता. बाकीच्यांनी शिवायचं, ठोकायचं, घासायचं. धाकट्यांनी गेली तीस वर्षं ती रापी दुरूनच पाहिली होती.

"दोन गोष्टी तपासल्या काका," लेक म्हणाली. "एक, शरीराचं वय. जन्मतारीख काहीही असो, शरीर आपल्या गतीने म्हातारं होतं. त्याच्या खुणा पेशींवर साठतात आणि त्या मोजून अंदाज काढतात. अंदाज हं, दगडावरची रेघ नाही. दुसरी गोष्ट, आपल्या घराण्यातून आलेली. रक्तात एक चरबीचा प्रकार असतो, तो आपल्याकडे जन्मापासूनच जास्त बनतो. त्याने धमन्या आतून अरुंद व्हायचा धोका वाढतो. तुम्हा तिघांतही तो आहे."

"आणि तुझ्यात?" ताईने शिलाई मशीनचं चाक हाताने थांबवून विचारलं.

"माझ्यातही."

ताई थोरल्यांपेक्षा लहान, धाकट्यांपेक्षा मोठी. बुटांचे वरचे भाग शिवायचं काम तिचं. लग्न केलं नव्हतं. दोन भावांचे पाय जन्मभर पाहिल्यावर तिसऱ्या पुरुषाचे पाहायची हौस राहत नाही, असं कारण ती देई. तिने भाचीकडे जरा वेळ पाहिलं आणि मग नेहमीच्या सुरात विचारलं, "ते जाऊ दे. माझं वय किती निघालं?"

"अठ्ठावन्न."

"बघ. मी म्हणतच होते."

"आणि काकांचं चौसष्ट."

 घाबरले की धाकट्यांची जीभ दुप्पट चाले, हे त्यांचं लहानपणापासूनचं होतं. ते खुर्चीत ताठ बसले, घसा साफ केला आणि टेबलावरून हात पुढे केला.

"आण इकडे."

"काय?" थोरले म्हणाले.

"रापी. मी त्र्याहत्तरचा, तू चौसष्टचा. घरात सर्वांत मोठा कोण? आजपासून मला दादा म्हणायचं. मी तुला अरेतुरे करीन, म्हणजे तसा करतोच, पण आता हक्काने करीन. ताई, तू तर आता शेंडेफळ झालीस. चहा टाक."

"आधी वाकून नमस्कार करते," ताई म्हणाली आणि थोरल्यांकडे वळली. "पण म्हणतोय ते बरोबर आहे हं दादा. कायदा म्हणजे कायदा. मागे याने नुसती रापी पुसायला घेतली तर तू आठवडाभर तोंड फिरवून बसला होतास."

ताई अशी धाकट्यांच्या बाजूने आली, की थोरल्यांनी चष्मा कपाळावर चढवायचा, दोघांना दहा मिनिटं कायदा समजावायचा आणि शेवटी "गप्प बसा" म्हणायचं, हा ठरलेला खेळ होता. धाकटे त्याचीच वाट पाहत होते. त्या भांडणात त्र्याहत्तर हा आकडा कुठेतरी हरवून जाईल, असा त्यांचा हिशेब होता.

थोरल्यांनी चष्मा वर केला नाही. रापीचं पातं कापडाला पुसलं, मूठ धाकट्यांकडे केली आणि ती त्यांच्या हातात दिली.

"घे," ते म्हणाले.

 जो माणूस पतंगाच्या मांज्यावरून लहानपणी चार दिवस बोलला नव्हता, तो न भांडता रापी देतो, याचा अर्थ त्याला काहीतरी दिसलं आहे. धाकट्यांनी रापी टेबलावर ठेवून दिली. पातं चामड्याला लागू नये इतकी जपून ठेवली.

"चेष्टा केली रे."

"मी नाही केली," थोरले म्हणाले.

इतका वेळ धाकट्यांची बायको दाराशी शेंगा सोलत बसली होती. ती उठली, पदर झटकला आणि जिना चढून वर गेली. पलंग ओढल्याचा आवाज आला. खाली आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत बूट होते, लेस एकमेकांना बांधून माळेसारखे लटकवलेले. ते तिने टेबलावर ओतले. पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली.

"अगं, हे काय?" धाकटे म्हणाले.

"तुमचं वय," ती म्हणाली. "मला रक्त तपासता येत नाही. पलंगाखाली झाडू घालता येतो, तेवढंच. सध्या तोही घालता येत नाही. वर्षभरात स्वतःसाठी एवढे जोड शिवलेत यांनी. गिऱ्हाइकं वाट पाहतायत आणि हे रोज संध्याकाळी स्वतःचंच माप घेतायत. विचारलं तर म्हणतात, डावा चावतो."

 मग या घरात जे व्हायचं तेच झालं. तिघांच्या सहा हातांनी बूट उचलले.

"ही डावी टाच उचललीय," ताई म्हणाली. "आत चामड्याचा एक थर जास्त आहे."

"या जोडात दोन," थोरले म्हणाले.

"यात तीन आहेत," धाकट्यांनी कबूल केलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता, शिवाय कामाबद्दल बोलायला मिळत होतं. "टाच वर घेतली की पोटरीवरचा ताण कमी होतो. आधी कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत जाईस्तोवर पोटरी आवळून यायची. एक थर घातला तर पुढच्या चौकापर्यंत मजल गेली. मग तिथेही कळ यायला लागली, म्हणून दुसरा."

"तळ कडक घेतलास म्हणून," थोरले म्हणाले. "पाऊल दुमडत नसेल तर पोटरी ओढणारच. मऊ तळ घ्यायला हवा होता."

"मऊ घेतला की. तो बघ, तपकिरी. त्यात तर आणखी लवकर कळ आली."

"तपकिरीचा पुढचा भाग अरुंद आहे," ताई म्हणाली. "कुणी कापला हा?"

"दादाने."

"मी मापाने कापला होता. ठोकताना ओढून कुणी घेतला?"

आणि तिघं भिडले. टाच, तळ, पुढचा भाग, लेसची भोकं. वडिलांनी शेवटी शेवटी स्वतःसाठी कसा मेंढीच्या कातड्याचं अस्तर घातलेला बूट शिवला होता, तसाच आता शिवून बघावा, असं ताईने सुचवलं. थोरल्यांना ते पटलं. फळीवरून धाकट्यांचा डावा फर्मा खाली आला, त्याला कानस लागली. रुसवा, रापी, वय, सगळं विसरून तीन भावंडं एका लाकडी पावलावर वाकली. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काय एकोपा आहे या घरात.

लेक उभी राहिली.

"तुम्ही बुटाबद्दल बोलताय," ती म्हणाली.

कुणी वर पाहिलं नाही. "मग कशाबद्दल बोलायचं?" थोरले म्हणाले.

"पायाबद्दल बोला काका. फर्मा घासून काय होणार? तो दुखत नाहीये. चालताना पोटरीत कळ येते, थांबलं की जाते, पुन्हा चाललं की पुन्हा येते. बूट चावत असता तर उभं राहिल्यावरही चावला असता ना? हे आत रक्त कमी पोचतंय म्हणून होतंय. माझ्या आजोबांनीही, तुमच्या वडिलांनी, हेच केलं असणार. पायाने ओरडून सांगितलं आणि त्यांनी त्याला अस्तर घातलं."

कानस थांबली. धाकट्यांनी आपल्या लाकडी पावलाकडे पाहिलं. आयुष्यभर ते एकच गोष्ट शिकले होते: पाय म्हणजे गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाइकाची कधी चूक नसते. दुखलं तर बुटाला पकडायचं. वडिलांनी तेच शिकवलं होतं, वडिलांना आजोबांनी.

"आणि बाबा," लेकीचा आवाज उतरला, "तुम्ही मागच्या दाराशी चामडं वाळत घालायला जाता, तेव्हा सिगारेटचा वास चामड्यालाही लागतो."

"ती मी सोडली."

"कधी?"

"सोडणारच आहे."

"काका कधीच ओढत नव्हते. आत्याही नाही. तिघांतही घराण्याकडून तेच आलंय. मग तुम्ही एकटेच त्र्याहत्तरचे कसे झालात?"

 याला धाकट्यांकडे एक उत्तर होतं, त्यात एक बोलका पोपट आणि शेजारचा निवृत्त पोस्टमन होता, पण ते सांगायची हिंमत झाली नाही. ते फक्त म्हणाले, "डॉक्टरकडे गेलो आणि त्यांनी कापायचाच म्हटलं तर?"

इतकं सरळ वाक्य त्यांच्या तोंडून कित्येक वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं. बायको त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"म्हणून जात नव्हता?" थोरल्यांनी विचारलं.

"आजोबा गेले ते एका पायाने परत आले. वडील गेले, तेही तसेच. आपल्याकडून जो डॉक्टरकडे जातो तो अर्धा परत येतो. मी म्हटलं, न जाता जेवढं चालता येईल तेवढं चालावं."

थोरल्यांनी टेबलावरचे बूट दोन्ही हातांनी बाजूला सारले. "उद्या सकाळी जायचं," ते म्हणाले. "आणि दुकान बंद ठेवायचं."

दुकान वडील वारले त्या दिवशीही अर्धा दिवस उघडं होतं. 

रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरीणबाई चाळिशीच्या होत्या, हसतमुख होत्या, पण त्यांचे बूट पाहून तिघा भावंडांनी एकाच वेळी हळहळून मान हलवली.

"अंगठ्याच्या बाजूला दुखतं ना संध्याकाळी?" ताईने आत शिरताशिरता विचारलं.

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"ताई, आज आपण पेशंट आहोत," धाकट्यांची बायको म्हणाली.

खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि माणसं पाच. एकाने थांबावं, बाकीच्यांनी बाहेर बसावं, असं डॉक्टरीणबाईंनी सुचवलं. कोण थांबणार यावर हलक्या आवाजात जी चर्चा झाली ती ऐकून त्याच म्हणाल्या, राहू द्या, सगळेच थांबा.

धाकटे पलंगावर उताणे झोपले. दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, दाब मोजला. मग तसाच पट्टा आळीपाळीने दोन्ही घोट्यांच्या वर बांधला. "हातातला दाब आणि घोट्यातला दाब साधारण सारखा हवा," बाई म्हणाल्या. "घोट्यात फार कमी निघाला तर वाटेत धमनी अरुंद आहे असं समजायचं." मग त्यांनी उजव्या पावलावर गार जेल लावलं आणि पेनासारखं एक यंत्र टेकवलं.

खोलीभर आवाज घुमला. सूंप, सूंप, सूंप. कुणीतरी आत ओला गालिचा झटकत असल्यासारखा.

"हे काय?" थोरले म्हणाले.

"यांचं रक्त. पावलात पोचतंय, त्याचा आवाज."

मग डावा पाय. जेल लावलं, यंत्र टेकवलं. काहीच ऐकू आलं नाही. बाईंनी यंत्र जरा सरकवलं. नुसती खरखर. धाकट्यांनी छताकडे पाहिलं. छताला एक पंखा होता आणि त्याच्या एका पात्यावर कुणीतरी खूण केली होती. ती खूण कशासाठी केली असेल, याची एक चांगली गोष्ट रचता आली असती. पण डोक्यात एकही वाक्य येईना. ताई पुटपुटत होती. बायकोने त्यांचा उजवा अंगठा धरला होता, पायाचा, कारण तोच तिच्या हाताशी होता.

बाईंनी यंत्र घोट्याच्या मागच्या बाजूला नेलं, थोडं तिरकं केलं.

सूंप.

बारीक होता, जरा दमलेला होता, पण आवाज होता. सूंप. सूंप. थोरल्यांनी चष्मा काढला आणि रुमाल नसल्यामुळे बाहीने पुसला. चष्माच पुसला असं त्यांनी नंतर शपथेवर सांगितलं.

"डाव्यात दाब कमी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वर मांडीत कुठेतरी धमनी अरुंद झालीय. पण पाऊल गरम आहे, कातडी चांगली आहे, जखम नाही, झोपेत दुखत नाही. वेळेवर आलात."

"म्हणजे कापायचा नाही?" धाकट्यांनी विचारलं.

"कापायचा? तुम्हाला तर चालायचंय. चरबी कमी करायची गोळी, रक्त गोठू नये म्हणून एक गोळी, सिगारेट आजपासून बंद, आणि चालणं. कळ येईपर्यंत चालायचं, जोराची आली की थांबायचं, पूर्ण गेली की पुन्हा चालायचं. असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा. रक्त आडवाटा शोधतं, पाय शिकतो. असं चालताना दुखणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पाय कधीच कापावा लागत नाही."

"मग वडिलांचा का गेला?" थोरले म्हणाले.

"त्यांना जखम झाली होती?"

"टाचेला फोड आला होता."

"दाखवला?"

थोरल्यांनी ताईकडे पाहिलं, ताईने धाकट्यांकडे. "बूट बदलला," धाकटे म्हणाले. "फार सुरेख बूट होता. आतून मेंढीचं अस्तर."

 कपाटातून कापूस काढून डॉक्टरीणबाईंनी धाकट्यांच्या पावलावरचं जेल पुसलं, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा, फार निगुतीने. "रोज रात्री पावलं बघायची," त्या म्हणाल्या. "काही लाल दिसलं तर माझ्याकडे यायचं. बूट नंतर. आणि तुम्ही दोघं भावंडं, कळ येत नसली तरी तुमचंही एकदा ऐकून घेऊ. आणि तुझंही," त्या लेकीला म्हणाल्या. "तुझ्याकडे अजून पुष्कळ वेळ आहे."

लेकीने मान हलवली आणि काल दुपारपासून पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसली.

सगळ्यांचं ऐकून झालं. सगळ्यांच्या पावलांत गालिचे झटकले जात होते. ताईच्या पायाचा आवाज सर्वांत ठणठणीत निघाला. वाटेत तिने ही गोष्ट तीनदा सांगितली.

बाहेर ऊन कोवळं होतं आणि रस्ता जरा चढाचा. रिक्षा करू, असं कुणीच म्हणालं नाही. रोज धाकट्यांबरोबर कोण चालणार यावर बायका पुढे भांडत निघाल्या. बायको म्हणत होती हक्क तिचा, लेक म्हणत होती वेळ तिच्या कामाच्या आधीची, आणि ताई म्हणत होती की तुम्ही दोघी फार बोलता, त्याला श्वास पुरणार नाही.

"मी येईन," थोरले मागून म्हणाले.

पुढची भांडणं थांबली नाहीत, कारण त्यांचं कुणी ऐकलंच नव्हतं. फक्त धाकट्यांनी ऐकलं. थोरले झपाझप चालणारे गृहस्थ. पंचवीस वर्षांत त्यांच्याबरोबर कुणी रस्त्यात चाललं नव्हतं. लोक त्यांच्या मागे चालत. आज त्यांनी एकेक पाऊल तोलून टाकत धाकट्यांचा वेग धरला होता आणि त्याचा त्यांना बराच त्रास होत होता.

कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानाशी पोटरी आवळून आली. धाकट्यांनी कळ लपवायच्या सवयीने काचेआडच्या कुलपांकडे पाहिलं, फार कुतूहल असल्यासारखं. मग त्यांनी तो नाद सोडला.

"दुखतंय," ते म्हणाले.

"थांबू," थोरले म्हणाले आणि थांबले.

दोघं उभे राहिले. थोरल्यांना नुसतं उभं राहायची सवय नव्हती. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. मग त्यांनी ते पाठीमागे बांधले. एक सायकल गेली. समोरच्या खिडकीत एका बाईने चादर झटकली.

"तुला आठवतं," थोरले एकदम म्हणाले, "वडिलांना आपण आळीपाळीने पाठीवर घेऊन जिना चढवायचो? तू वाटेत त्यांना गोष्टी सांगायचास. मी मागे उभा राहून ऐकायचो. मला एकही गोष्ट सांगता येत नाही."

"येते की. आत्ता एक सांगितलीस."

"ती खरी आहे."

"म्हणून जरा पांचट झाली."

थोरले हसले. त्यांच्या हसण्याला आवाज नसे, नुसते खांदे हलत. ते हलायचे थांबल्यावर त्यांनी खाली, धाकट्यांच्या डाव्या पोटरीकडे पाहिलं.

"गेली का कळ?"

कळ केव्हाच गेली होती. पोटरी मोकळी झाली होती, पाऊल गरम होतं आणि तिथे आत बारीकसं, दमलेलं रक्त आपलं काम करत होतं. पुढे बायका कोपऱ्यावर पोचून मागे वळून पाहत होत्या. ऊन भावाच्या खांद्यावर पडलं होतं.

"नाही अजून," धाकटे म्हणाले. "थांब जरा."